पडद्यावरची बोट, पाण्यातली बोट

मासेमारीबंदी उठायला चार दिवस राहिले की दापोलीजवळच्या हर्णैतल्या माझ्या बोटींच्या यंत्रांच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. जून-जुलै बोटी किनाऱ्यावर ओढून प्लास्टिकच्या कागदाखाली झाकलेल्या असतात, आणि 1 ऑगस्टच्या तोंडावर प्रत्येकाला आठवतं की आपला जीपीएस मे महिन्यातच कुरकुरत होता. कोणी वायरलेसचा सेट पिशवीत घालून आणतो, कोणी फिश फाइंडर, कोणी नुसतीच वायर.

यंदा एक तरुण तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, धावतच आला. म्हणाला, "दादा, बोट जेटीला बांधलेली आहे आणि पडद्यावर ती सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे भर समुद्रात दिसते. कोणी हॅक केलं काय?"

दुकानातली दोन-तीन माणसं हसली. मला हसू आलं नाही. मी हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्याबरोबर गेलो. केबिनच्या टपावरचा अँटेना काढला, जोडावरची काळी टेप सोलली, तर आतली पिन खाऱ्या हवेनं पार खाल्लेली, तिच्यावर हिरवी पूड साचलेली. सिग्नलच येत नव्हता. यंत्र बिचारं बोट शेवटची जिथे सापडली होती तीच जागा दाखवत बसलं होतं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात उपग्रहाची बारीकशी खूण लुकलुकत होती, सिग्नल नाही म्हणून सांगत होती. तिच्याकडे कोणीच पाहिलं नव्हतं, कारण बोटीचं चित्र ठळक होतं आणि खूण मुगाच्या दाण्याएवढी.

पिन बदलली, काम झालं. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हे मीठ होतं, हे मला जोड उघडल्यावर कळलं. भर समुद्रात, रात्री, तो बिघाड आहे की कोणाची करणी, हे त्याला कसं कळलं असतं?

मी हे दुकान 2019 मध्ये टाकलं. त्याआधी अकरा वर्षं न्हावाशेवा बंदरात एका सीएचएकडे, म्हणजे मालाची कस्टमची कामं करणाऱ्या एजंटाकडे, कामाला होतो. शिपिंग बिलं, गेटसाठी लागणारा फॉर्म 13, कंटेनर गेटमधून आत सोडून घेणं, जहाजाचा कटऑफ, म्हणजे माल आत पोचवायची शेवटची वेळ, गाठणं, हेच आयुष्य. सायबर युद्ध हा शब्द मी पेपरात वाचला होता, पण पहिल्यांदा बघितलं ते तिथे, 27 जून 2017 च्या रात्री.

पाऊस कोसळत होता. रत्नागिरीकडून आलेला फ्रोझन माकुळाचा एक रीफर, म्हणजे माल गोठवून ठेवणारा, कंटेनर माझ्या ताब्यात होता, उणे 18 अंशांवर. बंदरातल्या एका टर्मिनलच्या गेटवर ट्रेलरांची रांग थांबली. आधी वाटलं नेहमीसारखी सिस्टीम स्लो असेल. तासाभरानं कळलं की आतले कॉम्प्युटरच बंद आहेत. कुठला कंटेनर यार्डात कुठल्या थरावर आहे, कुठला कुठल्या जहाजाचा, हे सांगणारं काहीच चालू नाही. सुरक्षारक्षक छत्री धरून उभा, आणि आम्ही त्याला विचारतोय की कधी उघडेल. त्याला काय माहीत?

रीफर आत यार्डात गेला की त्याला विजेचा प्लग मिळतो. गेटबाहेर तो ट्रेलरवरच्या जनरेटरवर चालतो, आणि जनरेटरला डिझेल लागतं. ड्रायव्हर रात्रभरात दोनदा कॅन घेऊन पावसातून पंपापर्यंत चालत गेला, कारण रांगेतून गाडी काढणं शक्य नव्हतं. मी दर अर्ध्या तासानं कंटेनरच्या पुढच्या बाजूला जाऊन टॉर्चच्या उजेडात आकडा बघत होतो. उणे 18. उणे 17. परत उणे 18. पाठीमागे किलोमीटरभर नुसते लाल दिवे.

दुसऱ्या दिवशी बातम्यांतून उलगडा झाला. हल्ला आमच्यावर नव्हताच. तो युक्रेनवर होता. तिथे हिशेबाचं एक सॉफ्टवेअर फार चालतं, आपल्याकडे प्रत्येक दुकानदाराकडे असतं तसं. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विष कालवलं. ज्यांची कचेरी युक्रेनमध्ये होती त्या जगभरातल्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यांतून ते पसरत गेलं. नॉटपेट्या हे त्याचं नाव. पडद्यावर खंडणी मागत होतं, पण पैसे भरले तरी कुलूप उघडायची सोय त्यात नव्हती. खंडणीचा नुसता मुखवटा, हेतू पुसून टाकण्याचा.

आमचं ते टर्मिनल ज्या गटाचं होतं, त्या मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला त्यात 20 ते 30 कोटी डॉलरचा फटका बसला. 4000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. त्यातली एक गोष्ट मी अजून गिऱ्हाइकांना सांगतो. त्यांच्या सगळ्या जाळ्याची कुळकथा ज्या यंत्रांत साठवलेली असते, ती जगभरातली यंत्रं एकजात पुसली गेली होती. एक तेवढं शिल्लक राहिलं, घाना देशात. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यात नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीला वाचवलं ते लोडशेडिंगनं.

फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. म्हणजे दोन देशांच्या भांडणातला एक सुटा तुकडा उडत उडत येऊन उरणच्या खाडीकाठी पडला, आणि माझा ड्रायव्हर पावसात कॅन घेऊन चालला. सीमेवर एक गोळी न सुटता, आपल्या देशाशी काही वैर नसताना, देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदराचा एक भाग लुळा पडला. नेम धरून कोणी आपल्यावरच मारलं असतं तर? त्या रात्रीपासून राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की मला सैनिकाआधी ते गेट दिसतं.

त्याच जून 2017 मध्ये तिकडे काळ्या समुद्रात वेगळाच प्रकार झाला. नोवोरोसिस्क बंदराजवळच्या 20 हून अधिक जहाजांचे जीपीएस त्यांना चक्क जमिनीवरच्या विमानतळावर दाखवू लागले. जहाजं पाण्यात, पडद्यावर विमानतळात. याला स्पूफिंग म्हणतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येईतो इतका क्षीण होतो की जवळून कोणी त्याच सुरात जरा मोठ्यानं बोललं तर यंत्र त्याचंच ऐकतं. आपल्या बोटींवरच्या साध्या यंत्राला खरा आवाज कोणता आणि नकली कोणता हे ओळखता येत नाही. नुसतं जॅमिंग, म्हणजे सिग्नल दाबून टाकणं, त्याहून बरं, कारण त्यात पडदा निदान गप्प बसतो. स्पूफिंगमध्ये तो छातीठोकपणे खोटं सांगतो.

हे काळ्या समुद्रापुरतं राहिलेलं नाही. जून 2025 मध्ये इस्राएल आणि इराणचं युद्ध पेटलं तेव्हा होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ जहाजांच्या जीपीएसमध्ये मोठा गोंधळ चालला होता, आणि त्याच दिवसांत 17 तारखेला दोन टँकर एकमेकांवर आदळले. अमिरातीनं कारण दिलं ते अंदाज चुकल्याचं. असेलही. पण तो समुद्र आणि आमचा समुद्र एकच, हे मी बोटीवर गेलो की विसरू शकत नाही.

आता आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते सांगतो. पालघरकडचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. पाकिस्तानच्या सागरी हद्दीजवळ बोट पकडली गेली की ते तिकडच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतात. समुद्रात रेघ आखलेली नसते. ती असते फक्त पडद्यावर. पडदा तीन-चार मैलांनी खोटं बोलला तर सात-आठ घरांतला कर्ता माणूस गेला, आणि दोन देशांत ताण वाढायला निमित्त मिळालं. त्यासाठी पाणबुडी लागत नाही.

उलट बाजूही बघा. 1993 मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं, 2008 मध्ये पोरबंदरची कुबेर ही बोट पळवून दहा अतिरेकी मुंबईत शिरले. त्यानंतर आमच्यावर ओळखपत्रं आली, बोटींना रंग ठरले, लँडिंगची नोंद आली. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या वेळी पंतप्रधानांनी मच्छीमार बोटींसाठी एक लाख ट्रान्सपाँडरची योजना सुरू केली. आपल्याच उपग्रहांवर चालणारी ही यंत्रं वादळाचा इशारा देतात, संकटात बटण दाबलं की किनाऱ्यावर कळतं. मला ही योजना मनापासून पटते. एक जरी खलाशी त्या बटणानं वाचला तरी पैसे वसूल. पण यंत्र कुठलंही असो, त्याच्यावर डोळा ठेवणारा माणूस हवाच.

जुलै 2025 मध्ये रायगडात कोर्लईजवळ रडारवर संशयित बोट दिसली. पाकिस्तानी असल्याची बातमी पसरली. पोलीस, तटरक्षक दल, नौदल, सगळे ऐन पावसाळ्यात शोधाला लागले. शेवटी सांगण्यात आलं की ती बोट नसून जाळ्याच्या बोयावरचं यंत्र असावं, वाहत आलेलं. बोया! आमच्या दुकानात मिळतो तसला. जाळं कुठे सोडलंय ते कळावं म्हणून लावतात. शोध घेणाऱ्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांना जायलाच हवं होतं. पण एवढ्याशा यंत्राच्या एका हाकेनं अख्खा किनारा रात्रभर जागा राहतो, हे बघितल्यावर माझ्या मनात आलं की कोणी मुद्दाम असे पन्नास आवाज सोडले तर खऱ्या बोटीकडे बघायला माणूस उरेल का?

सायबर युद्धात मला सगळ्यात जड जाते ती हीच गोष्ट. जाळं फाटलं तर नाखवा भोकाकडे बघून सांगतो की हे खडकानं गेलं, हे मोठ्या जहाजाच्या पंख्यानं, हे कोणी कोयत्यानं कापलं. इथे भोक दिसतं, कोयता दिसत नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे मार्च 2021 मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले की सायबर घातपाताची शक्यता दिसते, आणि केंद्रातले वीजमंत्री म्हणाले की मानवी चूक होती. त्याच सुमारास एका अमेरिकन कंपनीचा अहवाल आला होता, की चीनशी संबंध असलेल्या एका गटानं आपल्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांना आणि दोन बंदरांना लक्ष्य केलंय. मी कोणाची बाजू घेत नाही. पण मुंबईची वीज कशानं गेली यावर दोन सरकारांचं एकमत होत नाही, ही गोष्ट मला विजेच्या जाण्यापेक्षा जास्त त्रास देते. शत्रूनं काही केलं नसलं तरी त्याचं काम झालं, आपण एकमेकांकडे बघायला लागलो.

मे 2025 मध्ये, पाकिस्तानशी संघर्ष चालू होता तेव्हा, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार असा मेसेज फिरला. तो खोटा आहे असं केंद्र सरकारच्या पीआयबीनं लगेच सांगितलं. तोपर्यंत दापोलीत रांग लागली होती. रांगेत माझी वहिनीही होती. तिला मी काही बोललो नाही, निसर्ग वादळ तिनं बघितलंय.

3 जून 2020. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि आमच्या दापोली-मंडणगडाचीही दैना केली. आमच्या वाडीत वीज यायला तेवीस दिवस लागले. टॉवर आडवे, फोन मुके, कार्ड नाही, यूपीआय नाही, त्यात लॉकडाउन. त्या तेवीस दिवसांत वाडी जगली ती वाण्याच्या उधारीच्या वहीवर. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, त्यात पेन्सिलीनं आमची सगळ्यांची नावं. त्याच्या मुलानं आदल्याच वर्षी म्हटलं होतं की बाबा, आता ही वही बंद करा. त्यांनी ऐकलं नाही म्हणून आमच्या घरात तांदूळ आला.

युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 ला हेच घडलं, फक्त तिथे वारा नव्हता. वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये माणसं बसलेली असताना पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद करत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. तक्रारीचे फोन लागू नयेत म्हणून हल्लेखोरांनी खोट्या फोनांनी लाइनही तुंबवली होती. तरी काही तासांत वीज परत आली. कशी? माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हातानं खटके ओढले. त्यांना ते ओढता येत होते. मला या सगळ्या इतिहासातलं हे एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांची जुनी यंत्रं हातानं चालत होती, आणि चालवणारी माणसं अजून नोकरीत होती.

आमच्या भागातल्या एका मच्छीमार सोसायटीच्या कॉम्प्युटरला मागच्या वर्षी खंडणीचा व्हायरस लागला. सभासदांच्या डिझेल परताव्याच्या फायली गेल्या. बिल म्हणून आलेली एक फाइल कोणीतरी उघडली होती, एवढंच. बॅकअप होता, पण तो त्याच कॉम्प्युटरला कायम जोडलेल्या डिस्कवर, म्हणून तोही गेला. मला बोलावलं तेव्हा पहिली गोष्ट मी केली ती वायर काढण्याची, दुसरी 1930 ला, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, फोन. मग राउटर बघितला. पासवर्ड कंपनीनं दिला होता तोच. जेटीवरच्या कॅमेऱ्याचाही तोच. त्या कॅमेऱ्यातून कुठली बोट कधी सुटते, गस्तीची बोट कधी येते, सगळं दिसतं, आणि त्याचं दार सताड उघडं. मी तिथेच बसून दोन्ही बदलले. वाचवलं ते कारकुनानं. निवृत्तीला आलेला माणूस, प्रत्येक सभासदाचं डिझेल तो वहीतही लिहीत होता. दोन मुली लावून आठवडाभरात सगळं परत चढवलं.

म्हणून मी आता बोटीवर जीपीएस बसवला की तांडेलाला तीन गोष्टी विचारतो. होका, म्हणजे होकायंत्र, चालतो का? पडद्यावरची सिग्नलची खूण कुठे असते ते दाखव. आणि पडदा गेला तर घर कुठे?

हा तिसरा प्रश्न मी मे महिन्याच्या अखेरीस माझ्या पुतण्यालाही विचारला. बोट आमचीच, तांडेल तोच, वय पंचवीस. बरोबर आबा होते, माझे वडील. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, चाळीस वर्षं तांडेल होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांची लांबची नजर पुन्हा चांगली झालीय. बाहेर गेल्यावर मी जीपीएसवर गोणपाट टाकलं. किनारा उन्हात धुकट दिसत होता. पुतण्यानं बराच वेळ बघून हात केला, तो मुरुड-कर्द्याच्या बाजूला. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी बोट थोडी पुढे घ्यायला लावली, थांबायला लावलं. मग म्हणाले, "आता बघ. कड्यावरच्या गणपतीचं देऊळ किल्ल्याच्या तटावर बसलं. बसलं का? आता नाळ दीपगृहाकडे." नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक.

मग त्यांनी शिशाचा गोळा सोडायला सांगितला. दोरी वर घेताना पुतण्या दोन्ही हात फैलावून वाव मोजत होता. "साडेसात," तो म्हणाला. "आठ," आबा म्हणाले. दोघं तावातावानं बोलू लागले. मी दोरी घेऊन आबांच्या हातात दिली. त्यांनी मोजली, बरोबर आठ. पुतण्याचे हात आबांपेक्षा लांब आहेत, म्हणून त्याचा वाव मोठा. आबांच्या डोक्यातला सगळा समुद्र त्यांच्या हातांनी मोजलेला आहे.

त्या दिवसापासून मी वही धरली. पुतण्या लिहितो, आबा सांगतात. खडक कुठे, चिखल कुठे, कुठलं देऊळ कुठल्या टेकडीवर बसलं की पाणी किती. पहिल्या पानावर आबांचा एक वाव सेंटिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवलाय, म्हणजे पुढच्याला हिशेब लावता येईल. केळशीपासून बुरोंडीपर्यंत झालंय. बुरोंडीपासून दाभोळच्या खाडीच्या तोंडापर्यंत आबांना खात्रीनं आठवत नाही, ते त्या बाजूला कमी गेले. कोळथरे, दाभोळकडच्या कोणाच्या घरी जुने तांडेल असतील तर मला कळवा, मी वही घेऊन त्यांच्याकडे येईन. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, ही वही कागदावरच राहणार आहे. नारळी पौर्णिमेनंतर आलो तर चालेल, तोपर्यंत दुकानात अँटेनांचा ढीग आहे.